म्हैसूरचा पारंपरिक स्वयंपाक: प्रसिद्ध पदार्थ आणि रोजचे ताट

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:

- म्हैसूर भागातील मुख्य पदार्थ, त्यांतील धान्ये आणि करण्याच्या पद्धती सांगता येतील.
- एखाद्या प्रदेशाचे ‘प्रसिद्ध पदार्थ’ आणि तेथील ‘रोजचे जेवण’ यांतला फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
- पदार्थांच्या नावांवरून भाषांमधील देवाणघेवाण ओळखता येईल, आणि अशा पुराव्याची मर्यादाही सांगता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, ‘म्हैसूर’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना आधी खाण्यातून कळलेला असतो. मिठाईच्या दुकानातला म्हैसूरपाक, हॉटेलच्या यादीतला म्हैसूर मसाला डोसा, म्हैसूर बोंडा. कन्नडमध्ये या शहराचे नाव मैसूरु असे आहे आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नावही तेच झाले. मराठीत रूढ असलेले ‘म्हैसूर’ हे रूप आपण या पाठात वापरू.

आता एक साधा प्रश्न पाहा. म्हैसूरपाक हा म्हैसूरचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ आहे. मग शंभर वर्षांपूर्वी म्हैसूरजवळच्या खेड्यातला शेतकरी रोज काय खात होता? म्हैसूरपाक नक्कीच नाही. तो डोसाही रोज खात नव्हता, आणि पुष्कळ घरांत भातसुद्धा सणावारीच शिजत असे. त्याच्या ताटात रागीचा, म्हणजे नाचणीचा गोळा असे. पण ‘म्हैसूर’ हे नाव लावून देशभर गेलेल्या पदार्थांत रागीचा एकही पदार्थ नाही.

असे का झाले, हे समजून घेणे हा या पाठाचा मुख्य विषय आहे. कोणत्याही प्रदेशाचा स्वयंपाक अभ्यासताना एकेका पदार्थाला चार प्रश्न विचारावेत:

१. यातले धान्य कोणत्या शेतातून आले?
२. हा कोणाच्या स्वयंपाकघरात तयार झाला: शेतकऱ्याच्या, देवळाच्या, राजवाड्याच्या की हॉटेलच्या?
३. याचे नाव कोणत्या भाषेतले आहे?
४. हा किती जुना आहे?

या चार प्रश्नांच्या आधारे आपण म्हैसूरचे ताट पाहू.

२. शेत: रागी आणि भात

म्हैसूर शहर दख्खनच्या पठाराच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या पावसावर भाताचे पीक भरवशाचे नसते. रागी मात्र येते. तिला पाणी कमी लागते, हलकी जमीन चालते आणि तिच्या बारीक दाण्याला कीड सहसा लागत नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. पूर्वी कर्नाटकात धान्य जमिनीखालच्या खड्ड्यांत साठवत. कन्नडमध्ये त्यांना ‘हगेवु’ म्हणतात. आपल्याकडे ‘पेव’ म्हणतात ते हेच. पाऊस चुकला की या पेवातली रागी गावाला तारत असे.

रागी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दक्षिणेच्या कोरडवाहू शेतीत इतकी रुळली की आज तिला कोणी परकी म्हणत नाही.

भात होता तो नदीकाठी. कावेरी आणि कबिनी या नद्यांच्या खोऱ्यांत जुने कालवे होते. त्यांतले काही चिक्कदेवराज वडेयर (राज्यकाळ १६७३–१७०४) यांच्या नावाने ओळखले जातात. मोठा बदल झाला तो विसाव्या शतकात. कावेरीवर कन्नंबाडी येथे कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता होते. पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या कालव्यामुळे मंड्या भागातली कोरडवाहू जमीन भाताखाली आणि उसाखाली आली. मंड्याचा साखर कारखाना १९३३ चा आहे. म्हणजे आज आपण ज्याला भाताचा आणि गोडाचा प्रदेश समजतो, त्यातला बराच भाग शंभर वर्षांपूर्वी रागीचा होता.

रागी आणि तांदूळ यांच्यातले हे अंतर फक्त शेतीचे नव्हते, ते प्रतिष्ठेचेही होते. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदास यांचे ‘रामधान्यचरिते’ हे कन्नड काव्य याच विषयावर आहे. त्यात तांदूळ आणि रागी यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद होतो. निवाडा करण्यासाठी राम दोघांना सहा महिने कोंडून ठेवतो. मुदत संपते तेव्हा तांदूळ खराब झालेला असतो, रागी जशीच्या तशी असते. निकाल रागीच्या बाजूने लागतो. कनकदास कुरुब, म्हणजे मेंढपाळ समाजातले होते. श्रीमंतांचे धान्य आणि गरिबांचे धान्य हा भेद त्यांच्या काळी किती ठळक होता, हे या काव्याच्या विषयावरूनच कळते.

३. शेतकऱ्याचे स्वयंपाकघर: मुद्दे आणि बस्सारु

कन्नडमध्ये ‘मुद्दे’ म्हणजे गोळा. रागी मुद्दे करायला फक्त रागीचे पीठ, पाणी आणि मीठ लागते, पण हात बसलेला असावा लागतो. पाणी उकळत ठेवतात. त्यात पीठ मधोमध ढिगासारखे टाकतात, ढवळत नाहीत. ढिगाला मध्ये भोक पाडून वाफ वर येऊ देतात आणि पीठ चांगले शिजवतात. मग लाकडी दांड्याने जोर लावून घोटतात, म्हणजे गुठळी राहत नाही. शेवटी ओल्या हाताने गरम असतानाच गोळे वळतात. खाताना लहानसा तुकडा तोडून, कालवणात बुडवून, न चावता गिळायचा असतो. चावला तर तो दाताला चिकटतो.

मुद्द्याबरोबरचे कालवण म्हणजे ‘सारु’. मराठीतील ‘सार’ लगेच आठवेल. सारुचा एक प्रकार ‘बस्सारु’. त्यात डाळ किंवा कडधान्य आणि पालेभाजी एकत्र शिजवतात, मग पाणी निथळून घेतात. या पाण्याला वाटण लावून सारु करतात आणि वर उरलेल्या डाळ-भाजीला फोडणी देऊन कोरडी भाजी, म्हणजे ‘पल्य’. एकाच भांड्यातून दोन पदार्थ होतात आणि काहीच वाया जात नाही.

ही रीत मराठी घरांना अनोळखी नाही. पुरणपोळीसाठी हरभरा डाळ शिजवली की वरचे पाणी, म्हणजे कट, काढून आपण कटाची आमटी करतो. म्हैसूर भागात पुरणपोळीला ‘होळिगे’ किंवा ‘ओब्बट्टु’ म्हणतात आणि तिथेही त्या दिवशी ‘ओब्बट्टु सारु’ होतेच. फरक एवढाच की आपल्याकडे ही युक्ती मुख्यतः सणाला दिसते, तर म्हैसूरच्या खेड्यात ती बस्सारुच्या रूपाने आठवड्याच्या जेवणातही असते.

पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर १०० ग्रॅम रागीत सुमारे ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते त्या मानाने नगण्य असते. ज्या धान्याला प्रतिष्ठा कमी होती, त्याच धान्याने कष्टाच्या शरीरांची हाडे बांधली.

४. भाताचे पदार्थ आणि शब्दांचा प्रवास

शहरात, देवळांत आणि नदीकाठच्या सधन घरांत भात होता. तिथे भाताचे अनेक मसालेदार प्रकार तयार झाले.

*बिसिबेळे भात.* याचे पूर्ण नाव ‘बिसि बेळे हुळि अन्न’. बिसि म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ, हुळि म्हणजे आंबट (आणि आंबट कालवणही), अन्न म्हणजे भात. तांदूळ, तूरडाळ, भाज्या, चिंच आणि भाजलेल्या मसाल्याची पूड एकत्र शिजवून हा सैलसर भात होतो. आंबटपणावरून कालवणाला नाव देण्याची पद्धत मराठीतही आहे. ‘आमटी’ या शब्दातही आंबटपणाच आहे.

या मसाल्यातला एक घटक म्हणजे ‘मराठी मोग्गु’. कन्नडमध्ये मोग्गु म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ही वाळवलेली कळी दिसायला जाड लवंगेसारखी असते. नावात ‘मराठी’ असूनही ती आपल्या बहुतेक घरांच्या मसाल्याच्या डब्यात नसते.

*वांगीबाथ.* कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकायि’ म्हणतात. तरीही या पदार्थाला म्हैसूरमध्ये कोणी बदनेकायि अन्न म्हणत नाही. ‘वांगीबाथ’ असेच म्हणतात. यातील दोन्ही शब्द मराठी आहेत. करण्याची रीत मात्र वेगळी आहे. मराठी वांगीभातात वांगी, तांदूळ आणि गोडा मसाला एकत्र शिजतात. म्हैसूरच्या वांगीबाथात लांबट हिरवी वांगी तेलात परतून, त्यात धणे, हरभरा डाळ, उडीद डाळ, लाल मिरच्या, दालचिनी, लवंग आणि सुके खोबरे यांची भाजून केलेली पूड घालतात. मग मोकळा करून गार केलेला भात त्यात हलक्या हाताने मिसळतात.

मराठी शब्द इथे कसे पोहोचले असतील? संपर्काच्या वाटा अनेक होत्या. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६७०च्या दशकात त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापले. अठराव्या शतकात म्हैसूरच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठीतही हिशेब ठेवले जात. त्यामुळे मराठी बोलणारी कारकून, सरदार आणि पुरोहितांची घरे या भागात होती.

इथे सावध राहायला हवे. शब्द आला म्हणजे पदार्थही जसाच्या तसा आला असे सिद्ध होत नाही. ‘बाथ’ या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. कर्नाटकातल्या हॉटेलांत तिखट उपम्याला ‘खारा बाथ’ म्हणतात आणि गोड शिऱ्याला ‘केसरी बाथ’. दोन्ही रव्याचे पदार्थ आहेत, त्यांत तांदळाचा दाणाही नाही. म्हणजे कन्नडने मराठी ‘भात’ घेतला आणि त्याचा अर्थ ‘मसाला किंवा साखर घालून एका भांड्यात केलेला पदार्थ’ असा रुंदावला. उसना शब्द नव्या घरी गेला की त्या घरचा होतो.

देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले आहे. आपण रोज पोळीवर घेतो ते ‘तूप’ कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे आणि भाषा-अभ्यासक हा शब्द द्राविडी मुळाचा मानतात. कडबोळे आणि ‘कोडुबळे’, कोशिंबीर आणि ‘कोसंबरी’, चिरोटे आणि ‘चिरोटि’, चकली आणि ‘चक्कुलि’ या जोड्याही पाहा. यांतला कोणता शब्द कोणी कोणाला दिला हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, पण दोन्ही स्वयंपाकघरांतली भिंत पातळ होती एवढे नक्की कळते.

*पुळियोगरे.* हा देवळाच्या स्वयंपाकघरातला भात. मंड्या जिल्ह्यातील मेलुकोटे हे वैष्णव क्षेत्र यासाठी प्रसिद्ध आहे. चिंचेचा कोळ, गूळ, तीळ, मिरी आणि खोबरे घालून आटवलेला दाट ‘गोज्जु’ बरेच दिवस टिकतो. प्रसादासाठी मोठ्या प्रमाणावर भात करायचा आणि यात्रेकरूने तो बांधून न्यायचा, ही देवळाची गरज होती. आंबट, आटवलेला, तेलकट गोज्जु ती गरज भागवतो.

५. राजवाडा, रेल्वे स्थानक आणि हॉटेल

*म्हैसूरपाक.* कृष्णराज वडेयर चौथे (१८८४–१९४०) यांच्या राजवाड्यातील आचारी काकासुर मादप्पा यांनी हा पदार्थ प्रथम केला असे सांगतात. मादप्पांच्या वंशजांचे मिठाईचे दुकान म्हैसूरच्या सय्याजी राव रस्त्यावर आहे. म्हणजे प्रसिद्ध असलेला हा ‘पारंपरिक’ पदार्थ फार तर सव्वाशे वर्षांचा.

त्यात फक्त बेसन, साखर आणि तूप असते. कौशल्य आहे ते उष्णता सांभाळण्यात. साखरेचा एकतारी पाक करून त्यात बेसन घोटतात. मग कडकडीत तूप पळीपळीने ओततात. तुपाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बरेच जास्त असते. त्यामुळे पाकातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, मिश्रण फसफसते आणि त्यात बारीक छिद्रे पडतात. ताटात ओतल्यावर कडा लवकर गार होतात, पण मधला भाग बराच वेळ गरम राहतो आणि तिथे साखर व बेसन आणखी भाजले जाते. म्हणून जाळीदार म्हैसूरपाकाची वडी कापली की मधला पट्टा तपकिरी आणि कडा फिकट दिसतात. तूप जास्त ठेवून आच सांभाळली तर छिद्रे कमी पडतात आणि मऊ, तोंडात विरघळणारा प्रकार होतो.

यातील ‘पाक’ हा संस्कृत शब्द, साखरेचा पाक म्हणतो तोच. २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या काळात जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी ‘पाक’ हा शब्द काढून या मिठाईचे नाव बदलल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाकिस्तान या नावातला ‘पाक’ फारसी आहे आणि त्याचा अर्थ ‘पवित्र’ असा होतो. ध्वनी सारखा असला तरी दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे आहे.

*मद्दूर वडा.* बंगळूर-म्हैसूर लोहमार्गावर मद्दूर हे स्थानक आहे. तिथले विक्रेते रामचंद्र बुध्या यांनी १९१७ मध्ये हा वडा विकायला सुरुवात केली असे सांगितले जाते. गाडीची वेळ गाठण्यासाठी त्यांनी भज्यांचे पीठ थापून पटकन तळले, अशी त्यामागची गोष्ट आहे. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, पदार्थाची घडण रेल्वेला साजेशी आहे. तांदळाचे पीठ, रवा, मैदा आणि भरपूर कांदा असलेला हा चपटा वडा उडदाच्या वड्यासारखा भिजवण-वाटणाची वाट पाहत नाही, लवकर तळला जातो, चटणीशिवाय खाता येतो आणि तासन्‌तास कुरकुरीत राहतो.

*म्हैसूर मसाला डोसा.* डोशाचे नाव जुने आहे. कल्याणीचा (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११२९ मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘धोसक’ आणि ‘इडरिका’ यांचे उल्लेख आहेत. ‘मंडक’ म्हणजे आपले मांडेही आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस मंगरस तिसरा याने कन्नडमध्ये ‘सूपशास्त्र’ हा पद्यग्रंथ लिहिला, त्यात वांग्याच्या अनेक पाककृती आहेत. पण या ग्रंथांत मिरची आणि बटाटा नाही, कारण दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातल्या आहेत आणि पोर्तुगीज आल्यानंतर भारतात पसरल्या. त्याआधी तिखटपणासाठी मिरीच होती. म्हैसूर मसाला डोशाची ओळख म्हणजे आत फासलेली लाल मिरची-लसणाची चटणी आणि बटाट्याची भाजी. म्हणजे डोसा जुना, पण ‘म्हैसूर मसाला’ हा भाग बराच अलीकडचा.

हे नाव देशभर नेले ते हॉटेलांनी. मुंबईत माटुंग्याच्या दक्षिणी उपाहारगृहांनी ते रुजवले, आणि पुढे रस्त्यावरच्या गाडीवाल्यांनी तव्यावरच डोशावर भाज्या, मसाला आणि लोणी रगडून स्वतःचा ‘म्हैसूर मसाला’ तयार केला. हा प्रकार मुंबईचा आहे. म्हैसूरमध्ये लोक ज्याची आवर्जून वाट धरतात तो ‘मैलारी’ पद्धतीचा डोसा लहान, जाडसर आणि कापसासारखा मऊ असतो.

६. पानावरून सुटलेले पदार्थ

लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर मीठ, लोणचे, कोसंबरी, पल्य, गोज्जु, चित्रान्न, मग भात आणि तोव्वे (साधे वरण), सारु, हुळि, पायस, होळिगे आणि शेवटी ताकभात असा क्रम असतो. पुस्तकांत आणि पर्यटन पत्रकांत म्हैसूरचे जेवण म्हणून हेच पान दाखवतात.

हे पान खरे आहे, पण पूर्ण नाही. त्यावर रागी नाही आणि मांस नाही. प्रत्यक्षात म्हैसूर-मंड्या भागात गावरान कोंबडीचे ‘नाटि कोळि सारु’ आणि मुद्दे हे पाहुणचाराचे जेवण आहे. म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरच्या मेंढ्या मटणासाठी नावाजलेल्या आहेत. या भागात सामिष खाणावळींना ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात, आणि मुद्दे मिळण्याचे ते हमखास ठिकाण.

या सुटलेल्या भागाचा प्रश्न आजही जिवंत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मंड्या येथे अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन झाले, तेव्हा शाकाहारी जेवणाबरोबर मांसाहारी जेवणही द्यावे अशी मागणी झाली आणि तिच्यावर मोठी चर्चा झाली. मागणी करणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: आमच्या जिल्ह्यातले बहुसंख्य लोक जे खातात, ते आमच्याच संमेलनाच्या पंगतीत का नाही? ‘पारंपरिक’ हे विशेषण कोणाच्या ताटाला लागते, हा प्रश्न म्हणूनच केवळ चवीचा नाही.

७. तुलना: लेबनॉन

असे फक्त म्हैसूरमध्ये घडते का? भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लेबनॉन हा देश पाहू. तिथल्या स्वयंपाकाची जगातली ओळख म्हणजे ‘मेझ्झे’, म्हणजे लहान लहान बशांत मांडलेले अनेक पदार्थ: वाटलेल्या काबुली चण्यांचे हुमुस, कोथिंबिरीसारख्या पार्सलीच्या पानांचे तब्बूले, भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल आणि मांसाचे भाजलेले तुकडे. बेका खोऱ्यातील झाहले हे शहर नदीकाठच्या मेझ्झेच्या उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून निवडले.

पण लेबनॉनच्या डोंगरी गावांतले रोजचे धान्य होते बुरगुल, म्हणजे उकडून वाळवून भरडलेला गहू. मसूर आणि बुरगुल किंवा तांदूळ यांची ‘मुजद्दरा’ ही आपल्या खिचडीची बहीण शोभेल. हिवाळ्यासाठी उन्हाळ्यात पदार्थ साठवण्याच्या पद्धतीला तिथे ‘मूने’ म्हणतात. मराठीत आपण ‘बेगमी’ म्हणतो. बुरगुल आणि दही आंबवून, वाळवून, पूड करून ठेवलेले ‘किश्क’ हा त्यातला महत्त्वाचा पदार्थ. परदेशातल्या लेबनीज हॉटेलच्या यादीत हुमुस पहिल्या ओळीत असते, किश्क बहुधा नसतेच.

मेझ्झे आणि म्हैसूरचे लग्नाचे पान, बुरगुल आणि रागी, मूने आणि पेव या जोड्या लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी बाहेर गेले ते उपाहारगृहाचे आणि मेजवानीचे अन्न. २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत लेबनॉनमधून जो पदार्थ गेला तो मात्र ‘मनाकीश’, म्हणजे ओव्यासारख्या वासाचा झातर आणि तेल लावून भाजलेली सकाळच्या न्याहारीची साधी रोटी. रोजच्या अन्नाला मान मिळू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

८. आजची स्थिती

म्हैसूर हे अन्नसंशोधनाचेही केंद्र आहे. केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये येथील चेलुवांबा राजवाड्यात सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी पचेल अशी दूध पावडर करण्याचे तंत्र याच संस्थेने विकसित केले आणि अमूलने ते वापरले. सैन्यासाठी टिकाऊ तयार जेवण विकसित करणारी संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळाही म्हैसूरमध्येच, १९६१ पासून आहे.

रागीच्या बाबतीत मंड्याजवळच्या विश्वेश्वरय्या कालवा फार्मवर मोठे काम झाले. ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखले जाणारे कृषिशास्त्रज्ञ लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी रागीचा संकर करून भरघोस उत्पन्न देणारे वाण तयार केले. त्यांचे नाव ‘इंडाफ’, म्हणजे इंडिया आणि आफ्रिका यांची जोडणी. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरांतही रागीला मागणी आली.

नाव मिळणे आणि पीक टिकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हैसूरजवळील नंजनगूडच्या ‘रसबाळे’ केळ्याला भौगोलिक मानांकन आहे. हे केळे सुवासिक आणि मऊ असते. पण पनामा मर या बुरशीजन्य रोगाने बागा उद्ध्वस्त झाल्या आणि त्याची लागवड फार थोड्या शेतांत उरली. मानांकनाने नावाचे रक्षण होते. झाडाचे रक्षण करायला शेतकरी, निरोगी रोपे आणि परवडणारा भाव लागतो.

९. सारांश

म्हैसूरच्या स्वयंपाकाचे निदान चार थर आहेत. शेतकऱ्याच्या घरात रागी मुद्दे आणि सारु, देवळात पुळियोगरेसारखे टिकाऊ भात, शहरी घरांत आणि राजवाड्यात बिसिबेळे भात, वांगीबाथ आणि म्हैसूरपाक, तर रेल्वे आणि हॉटेलांत मद्दूर वडा आणि मसाला डोसा. यांतले शेवटचे दोन थर सर्वांत नवे आहेत आणि सर्वांत प्रसिद्धही तेच झाले, कारण प्रवास करणे, विकले जाणे आणि छापले जाणे त्यांच्या वाट्याला आले. सर्वांत जुना आणि सर्वाधिक लोकांना पोसणारा थर नावाविना राहिला. म्हणून प्रदेशाचा स्वयंपाक अभ्यासताना प्रसिद्ध पदार्थांच्या यादीपासून सुरुवात करायला हरकत नाही, मात्र त्या यादीशी थांबू नये.

स्वाध्याय

१. कृष्णराजसागर धरणामुळे मंड्या भागातील पिकांत आणि ताटात कोणता बदल झाला? थोडक्यात लिहा.
२. ‘वांगीबाथ’ आणि ‘खारा बाथ’ या नावांवरून शब्दाच्या प्रवासाबद्दल काय सांगता येते, आणि काय सांगता येत नाही?
३. म्हैसूरपाकाच्या वडीचा मधला भाग गडद का दिसतो? कारण स्पष्ट करा.
४. बस्सारु आणि कटाची आमटी यांच्या कृतींतील साम्य आणि फरक लिहा.
५. तुमच्या जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला एक पदार्थ आणि तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी घरात रोज होणारा एक पदार्थ निवडा. दोन्हींना या पाठातील चार प्रश्न विचारा आणि उत्तरे तक्त्यात मांडा. प्रसिद्ध आणि रोजचा पदार्थ एकच निघाला, तर तसे का झाले असावे तेही लिहा.